तूर पिवळी पडली, म्हणजे नेमके काय झाले?

ऑक्टोबर सरत आला आणि तूर फुलावर आली, की आमच्या भागात एक प्रश्न हमखास कानी येतो. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर चार शेतकरी उभे असले, तर त्यांतला एक तरी म्हणतोच, ‘‘तूर पिवळी पडायला लागली, काय मारावं?’’ तो औराद-भालकीकडचा असो, बसवकल्याणचा असो, की पलीकडे आळंद-चिंचोळीचा असो, शब्द तेच असतात. शेतकरी बंधुभगिनींनो, आम्हांस ह्या प्रश्नाचा शेवट खटकतो. काय झाले, असे कोणी विचारीत नाही. काय मारावे, एवढेच विचारतात. आणि काय मारावे हे विचारायला माणूस जिथे जातो, तिथे मारण्याच्या बाटल्या फळीवर रांगेने मांडलेल्याच असतात.

पिवळे पान हा रोग नव्हे. ते रोगाचे, किंवा कधी कधी रोग नसल्याचेही, नुसते चिन्ह आहे. ह्या पानावर आरोग्याच्याही गोष्टी येतात, म्हणून तिकडचाच दाखला देतो. डोळे पिवळे झाले की आपण कावीळ म्हणतो. पण कावीळ दूषित पाण्यातून आलेल्या विषाणूने होते, पित्ताच्या पिशवीतला खडा नळीत अडकल्याने होते, हिवतापात रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्याने होते, दारूने यकृत निकामी झाल्यानेही होते. डोळा सगळ्यांचा सारखाच पिवळा; उपाय मात्र एकाला विश्रांतीचा, तर दुसऱ्याला शस्त्रक्रियेचा. आपल्या गावोगावी कावीळ ‘उतरवणारे’ असतात. कोणी डोळ्यांत रस पिळतो, कोणी मनगटावर डाग देतो. त्यांची कीर्ती का टिकते? कारण पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक माणसांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि श्रेय डाग देणाऱ्याला मिळते. खडा अडकलेला रोगी मात्र त्याच डागावर विसंबून वेळ घालवतो आणि जिवावर बेतते.

तुरीचेही अगदी असेच चालले आहे. जे पिवळेपण आपोआप जाणार, त्यावर टॉनिक मारले की टॉनिकचे नाव होते. जे पिवळेपण झाड मारणारच, त्यावर कितीही मारले तरी झाड जाते, आणि मग ‘यंदा रोगच जबर होता’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. पैसा दोन्हीकडून शेतकऱ्याचाच जातो.

हे आम्ही दुसऱ्याच्या शेतात पाहून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच दोन एकर तुरीत फुलोऱ्याच्या वेळी इकडे एक, तिकडे दोन अशी झाडे पिवळी पडली. आम्ही एक फांदी तोडून एका दुकानात नेली. दुकानदाराने फांदी हातात धरली, उजेडाकडे पाहिली आणि तीन पुड्या, एक बाटली काढून दिली. आठ दिवसांनी झाडे वाढलेली नव्हती, पण पिवळ्या झाडांची संख्या वाढली होती. पुन्हा गेलो, पुन्हा बाटली आली. तिसऱ्या फवारणीनंतर घरातल्या म्हातारीने विचारले, ‘‘अरे, मूळ पाहिलंस का?’’ मूळ आम्ही पाहिले नव्हते. दुकानदाराने तर झाडही पाहिले नव्हते, फांदी पाहिली होती. त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. फांदी तोडून नेणारे आम्हीच होतो.

तेव्हा आधी पाहावे कसे, ते सांगतो. ह्याला यंत्र लागत नाही. डोळे, हात आणि एक विळा पुरे.

पहिल्यांदा बांधावर उभे राहून सगळे रान एका नजरेत घ्यावे. पिवळेपणा सगळीकडे सारखा आहे, की सखल भागातच आहे, की ठिपक्याठिपक्यांनी आहे? पावसाळा लांबला आणि काळ्या भारी जमिनीत पाणी साचून राहिले, तर रान चिबडते. मुळांना हवा मिळत नाही आणि सखल पट्ट्यातली सगळी तूर एकसारखी फिकी पडते. तिथे रोग शोधू नये, पाण्याला वाट काढून द्यावी. उलट, चांगल्या हिरव्या तासात एखादेच झाड पिवळे, पुढे चार पावलांवर आणखी दोन, आणि पंधरा दिवसांनी त्या ठिकाणी वाटोळा ठिगळासारखा पट्टा, असे दिसले तर मन घट्ट करून मुळाकडे वळावे.

मग झाडाजवळ जाऊन पान कुठले पिवळे आहे ते पाहावे. बुडखालची जुनी पाने पिवळी होऊन गळत असतील आणि शेंडा हिरवागार असेल, तर पुष्कळदा काळजीचे कारण नसते. तूर शेंगा भरू लागली की जुन्या पानांतले सत्त्व काढून दाण्याकडे नेते. घरात पाहुणा आला की आई आपल्या ताटातली भाकरी त्याच्या ताटात सरकवते, तसेच हे. ती गळलेली पाने रानातच कुजतात आणि पुढच्या पिकाला खत होतात. म्हणून तर आपले वाडवडील तुरीनंतरच्या रानाला जोर असतो म्हणत. ह्या पिवळेपणावर रुपयाही घालू नये.

शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, जणू जाळी विणली आहे, असे दिसले तर ती लोहाची उणीव. चुनखडीच्या काळ्या जमिनीत हे फार आढळते. लोह मातीत असते, पण चुन्यामुळे झाडाला घेता येत नाही. सोयाबीनवर तर हे दर वर्षी दिसते. ह्याला हिराकस आहे, आणि ते महागही नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि त्याच्या निम्मा विरघळलेला चुना घालून, गाळून फवारले की पंधरवड्यात नवी पाने हिरवी निघतात. बिदरच्या पठारावरच्या तांबड्या जांभ्याच्या जमिनीत ही तक्रार कमी; तिथे पाणी लवकर ओसरते आणि झाड ताणाने पिवळे पडते. एकाच तालुक्यात दोन रंगांच्या जमिनी असताना दोन्हींना एकच बाटली कशी चालेल, हे आम्हांस कोडेच आहे.

आता उपटण्याकडे येतो, कारण सगळी मेख इथेच आहे. एक उभे पिवळे झाड, अर्धे पिवळे असले तरी चालेल, मुळासकट उपटावे. शेतकऱ्याचा हात इथे कचरतो, हे आम्ही जाणतो. फुलावर आलेले झाड उपटणे म्हणजे तोंडाशी आलेला घास टाकणे. पण लूकच्या शुभवर्तमानातला तेराव्या अध्यायातला माळी आठवावा. अंजिराला तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक तोडायला निघाला, तेव्हा माळ्याने एक वर्ष मागून घेतले ते कशासाठी? बुंध्याभोवती खणून खत घालण्यासाठी. पाने धुण्यासाठी नव्हे.

उपटलेल्या झाडाच्या मुळावर गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-तांबूस रंग असेल तर ती हवेतला नत्र झाडाला देत आहे. आत हिरवट किंवा तपकिरी असेल, तर ती थकली किंवा कुजली. पाणी साचल्याने किंवा ताणाने असे होते. अशा वेळी दोन टक्के युरिया किंवा डीएपीची फवारणी, म्हणजे लिटरला २० ग्रॅम, पिकाला हात देते. बघा, युरियालाही त्याची जागा आहे. जागा चुकते तेव्हाच तो वाया जातो.

नंतर खोड पाहावे. बुंध्यापासून वर चढत गेलेला जांभळट-तपकिरी पट्टा दिसतो का? विळ्याने खोड उभे चिरावे. आतले लाकूड पांढरे स्वच्छ असेल तर देवाचे आभार मानावेत. आत काळ्या-तपकिरी रेघा वर गेलेल्या असतील, तर तो मर रोग. कन्नडमध्ये ह्यालाच ‘नेटे रोग’ म्हणतात. फ्युझेरियम उडम नावाची बुरशी मुळातून शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. रानात ओल असूनही झाड तहानेने मरते. कित्येकदा झाडाची एकच बाजू सुकते आणि दुसरी फुलत राहते, म्हणून शेतकऱ्याला आशा वाटते. हा रोग नवा नाही, ई. जे. बटलर ह्या शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या पहिल्याच दशकात भारतात त्याचा अभ्यास केला होता. झाडात तो आधीच शिरलेला असतो, पण फुले-शेंगा धरण्याच्या वेळी झाडाची पाण्याची गरज वाढते आणि बिंग फुटते.

आणि आता कटू बोलणे. उभ्या पिकात मर दिसल्यावर पानांवर मारून तो बरा करील असे औषध नाही. पानावर पडलेली बहुतेक बुरशीनाशके झाडात वर चढतात, खाली मुळापर्यंत उतरत नाहीत. नळी बंद झाली आहे मुळाकडे, आणि आपण शेंड्याला औषध पाजतो! त्या वर्षी त्या झाडासाठी करण्यासारखे एकच काम उरते: ते उपटून बाहेर नेणे.

दोन भाऊबंद आणखी आहेत. वांझ रोगात, म्हणजे ‘गोड्डू’ रोगात, पाने बारीक, फिकट हिरवी-पिवळी चट्ट्यांची होतात, झाड झुडपासारखे दाट वाढते आणि फूलच धरत नाही. डोळ्यांना न दिसणारी कोळ्याच्या जातीची चिकाटी हा विषाणू पसरवते. खोड चिरले तर आत पांढरेच. अशी झाडे लहानपणीच ओळखून काढली तर शेजारची वाचतात. दुसरी मूळकूज. पाऊस लवकर उघडला, जमीन तापली, की मुळांची साल कुजून धाग्यांसारखी सुटते आणि झाड हलक्या हाताने उपटून येते. मर आणि मूळकूज दोन्हींत झाड वाळते, पण एकात नळ्या काळ्या असतात, दुसऱ्यात साल सुटते. चिरल्याशिवाय कळणार कसे?

फवारणीबद्दल आमचा आग्रह केवळ पैशांसाठी नाही. फुलावर आलेली तूर माणसाच्या खांद्याला, डोक्याला लागते. पंप पाठीवर, नळी वर उचललेली, आणि औषधाचा तुषार परत आपल्याच तोंडावर. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पीक निराळे असले तरी उंची तीच आणि उघडे तोंड तेच. शिवाय तुरीच्या फुलावर मधमाश्या येतात, त्या मरतात. शेंगा पोखरणारी अळी नुकसानीच्या पातळीवर आली आणि मोजून-मापून, तोंड झाकून, वाऱ्याची दिशा पाहून फवारावे लागले तर गोष्ट वेगळी. पण नुसत्या पिवळ्या रंगाला घाबरून आपल्या पोराच्या पाठीवर पंप चढवू नये. गड्याच्या पाठीवर तर नाहीच. तोही कोणाचा तरी पोरगाच आहे.

आता मूळ दुखणे. मराची बुरशी जमिनीत, विशेषतः जुन्या तुरीच्या मुळांच्या अवशेषांत, दोन-तीन वर्षे जिवंत राहते. आपण मात्र त्याच रानात तुरीवर तूर घेतो. कारण सांगायला नको. तूर नगदी झाली. २०१९ साली कलबुर्गीच्या तुरीला भौगोलिक मानांकन मिळाले, कलबुर्गी, उदगीर, लातूरच्या डाळमिला जवळ आहेत, आणि जोंधळ्याला भाव नाही. जोंधळा गेला, कडबा गेला, कडब्याबरोबर बैल गेला, बैलाबरोबर शेणखत गेले. पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत, जिच्यावरून आपली बिदर-हैदराबादची गाडी रोज जाते, ज्वारीबरोबर किंवा ज्वारीनंतर घेतलेल्या तुरीत मर कमी येते हे प्रयोगांत दिसून आले आहे. आपल्या आज्यांना प्रयोग माहीत नव्हता, पण जोंधळ्याच्या रानात तुरीचा पाटा सोडायचा हे माहीत होते. एकट्या जोंधळ्यात पैसा सुटत नाही, हे खरेच. घरचे सगळे रान एकदम बदला असे आम्ही म्हणत नाही. ज्या तुकड्यात यंदा ठिगळे पडली, तेवढ्यात तरी पुढची तीन वर्षे तूर घेऊ नये. तिथे जोंधळा, बाजरी, काहीही घ्यावे.

बियाण्याचेही तसेच. १९८६ साली इक्रिसॅटच्या निवडीतून कर्नाटकात ‘मारुती’ वाण आले. ते मराला दाद देत नसे, म्हणून सगळीकडे पसरले. आजही पुष्कळ जण ‘आमची मारुतीच आहे’ म्हणतात. पण तूर हे पीक मधमाश्यांमुळे शेजारच्या वाणाशी संकरित होते. वर्षानुवर्षे घरचेच दाणे राखले, की नाव मारुती राहते, गुण राहात नाही. दर तीन-चार वर्षांनी खात्रीचे बियाणे आणावे. कलबुर्गीच्या कृषी संशोधन केंद्राचे टीएस-३आर मराला तोंड देते, पण वांझ रोगापुढे टिकत नाही. बदनापूरचे बीएसएमआर-७३६ दोन्हींना तोंड देते, पण ते उशिरा तयार होते, म्हणजे हलक्या जमिनीत शेवटी पाण्याचा ताण. ज्या रानात जो रोग, त्या रानात ते वाण. आणि कुठला रोग, हे ठरवायला पुन्हा ती खोड चिरण्याची गोष्ट आलीच. पेरणीआधी किलोला ४ ग्रॅम ट्रायकोडर्मा बियाण्यास चोळणे आणि तीच बुरशी शेणखतात मुरवून रानात टाकणे, ह्यास फार खर्च येत नाही. ही बुरशी आपल्या बाजूची आहे. ती मराच्या बुरशीला वाढू देत नाही.

२०२२च्या खरिपात कलबुर्गी जिल्ह्यात आणि आसपास नेटे रोगाने तूर मोठ्या प्रमाणावर वाळली. पुढच्या वर्षाच्या आरंभी राज्य सरकारने हेक्टरी १०,००० रुपयांची मदत जाहीर केली. म्हणजे एकरी चार हजार. ज्यांना मिळाली त्यांनी घ्यावी, तो त्यांचा हक्क आहे. पण झाड मेल्यावर मोजायला माणूस येतो आणि झाड पिवळे पडताना चिरून दाखवायला कोणी येत नाही, ही व्यवस्था आम्हांस उलटी वाटते. होबळीच्या रैत संपर्क केंद्रात जावे, कृषी विज्ञान केंद्रात जावे, बिदरलाही आहे, कलबुर्गीलाही आहे. पण रिकाम्या हाताने किंवा मोबाइलवरचा फोटो घेऊन जाऊ नये. दोन झाडे, एक रोगी आणि एक निरोगी, मुळांसकट, ओल्या पोत्यात गुंडाळून न्यावीत. फोटोत मूळ दिसत नाही.

धर्मग्रामातील तरुणांपुढे आमचा एक प्रस्ताव आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर तासभर चर्चच्या आवारात बसावे. ज्याची तूर पिवळी, त्याने एक झाड मुळासकट आणावे. दहा झाडे एका ओळीत ठेवून चिरली, की कोणाच्या रानात पाणी, कोणाच्या चुनखडी आणि कोणाच्या मर, हे लहान पोरालाही दिसेल. कन्नड बोलणारे, मराठी बोलणारे, दोघेही असावेत. शेजारच्या हिंदू-मुसलमान शेतकऱ्यांनाही बोलवावे, बुरशी बांध ओळखत नाही. हे झाले तर दुकानातली गर्दी थोडी कमी होईल. दुकानदार रागावेल असे आम्हांस वाटत नाही. त्याचीही तूर आहेच.

एक शंका बायका हमखास काढतात, आणि ती रास्त आहे: रोगी झाडे उपटून जाळायची, तर तुऱ्हाट्यांचे काय? सरपण कुठून आणायचे? उपटलेली झाडे रानात ढीग करून पेटवायची गरजच नाही. ती वाळवून घरी आणावीत आणि चुलीतच जाळावीत, फक्त मुळासकट. चूक आपण कापणीला करतो. विळ्याने झाड वीतभर वर कापतो आणि धसकट जमिनीत सोडतो. बुरशी नेमकी त्या धसकटात राहते. म्हणून ठिगळातली तूर कापू नये, उपटावी. ओल असेपर्यंत ती उपटते. जमीन कडक झाली, की कुदळ लागते. ठिगळे कुठे होती हे जानेवारीत आठवत नाही, म्हणून आत्ताच तिथे काठी रोवून ठेवावी.